मागच्या डाव्या दाराचा खटका

चावीवरचे बटण दाबले की गाडीची चारही दारे एकदम बंद होतात, असे सगळे म्हणतात. ते बहुतेक खरे आहे. पण कान देऊन ऐकले तर आधी तीन दारांचा मिळून एक आवाज येतो आणि मग, सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या उशिराने, चौथा. हा उशीर वायरच्या लांबीमुळे होत नाही. विजेला एवढेसे अंतर म्हणजे काहीच नाही. कारखान्यात बसवताना माझ्या पोटातली दांडी केसभर वाकली, आणि वाकड्या वाटेने येणाऱ्याला थोडा वेळ लागणारच.

मित्रांनो, तो चौथा आवाज माझा. एका जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या दारात बसलेला, आपोआप लागणारा खटका म्हणजे मी. माणसे मला सेंट्रल लॉक म्हणतात, पण ते आम्हा चौघांचे मिळून आडनाव झाले.

माझे काम समजायला सोपे आहे. दार धरून ठेवतो तो एक पोलादी आकडा. तो सोडवायचे काम हँडलचे. मी त्या दोघांच्या मध्ये बसतो. मी बंद असलो की हँडल कितीही ओढा, निरोप आकड्यापर्यंत पोचतच नाही. गाडीने ताशी वीस किलोमीटरचा वेग गाठला, की पुढे बसवलेल्या एका डबीकडून मला वीज येते आणि बोटाच्या पेराएवढी माझी मोटर मला बंद करते. गाडीला धडक बसली तर तीच डबी आम्हा चौघांना ताबडतोब उघडायला सांगते, म्हणजे बाहेरच्यांना आतल्यांपर्यंत पोचता यावे. ती वेळ माझ्यावर कधी आली नाही, पण तयारी रोजची आहे.

कारखान्यात एका बाईंनी मला दोनशे वेळा उघडमीट करून पाहिले आणि माझ्या पाठीवर हिरव्या शाईचा ठिपका ठेवला. आमच्या जगात ती पदवी. ती घेऊन मी एका डॉक्टरबाईंकडे आलो. डॉक्टरबाई जनावरांच्या. मागची बैठक दुमडून त्यांनी तिथे जाड रबराची चटई अंथरली, आणि माझ्या दारातून कोकरे, कुत्री, एक पोपट आणि एकदा पाय दुखावलेले गाढवाचे शिंगरू असे नाना प्रकारचे प्रवासी ये-जा करू लागले.

माणसांपैकी माझा नेहमीचा प्रवासी म्हणजे डॉक्टरबाईंचे सासरे. जनावर नसले की बैठक उलगडायची आणि हे तिथे बसायचे. पण त्यांना दम धरवत नसे. डॉक्टरबाई बटण दाबायच्या नेमक्या त्याच क्षणी ते बाहेरून हँडल ओढत. ओढलेल्या हँडलखाली मी अडकून पडे. बाकीची तीन दारे उघडत, माझे तेवढे बंद.

"मामंजी, आधी हात काढा बघू!"

"मी कुठे हात लावलाय? तुझ्या या दारानं माझ्यावर डूख धरलाय."

"हात काढा, मग मी बटण दाबते, मग तुम्ही ओढा."

"एक दार उघडायला इतकी कवायत?" असे म्हणत ते हात काढत, आणि डॉक्टरबाईंचे बोट बटणाकडे जाताच पुन्हा ओढत. मित्रांनो, तुमच्या घरीही असे एक माणूस असेल. त्यांना सांगा, डूख वगैरे काही नसतो. एका वेळी एकच निरोप आम्हाला कळतो.

माझ्या पराक्रमाची पहिली गोष्ट एका शेळीमुळे घडली. डॉक्टरबाई तिला घेऊन चालल्या होत्या. वाटेत एका फाटकापाशी त्या खाली उतरल्या, चावी गाडीत आणि इंजिन चालू. शेळीने मागून पुढच्या जागेवर उडी मारली आणि दारावरच्या बटणावर पाय दिला. आधी तीन, मग मी. चारही दारे बंद, शेळी आत, डॉक्टरबाई बाहेर! त्यांनी काचेवर टकटक केले. शेळीने त्यांच्याकडे शांतपणे पाहिले आणि औषधांची यादी चघळायला घेतली.

डॉक्टरबाईंनी फोन करून उस्तादांना बोलावले. उस्ताद गाड्यांच्या विजेची कामे करत. बिघाड ते कानाने ओळखत, म्हणून गिऱ्हाइके त्यांना कौतुकाने कानसेन म्हणत. डोळे मिटून ते इंजिन ऐकत आणि बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवत. ते स्कूटरवरून आले, मागे त्यांची मुलगी. ती तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. उस्तादांनी काचेच्या फटीतून तार घालायला सुरुवात केली. शेळीने तारेचे टोक दातात धरले आणि दोघांची ओढाताण जुंपली.

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली. "तार नको. हिनं जे बटण दाबलंय, ते उघडायलाही हिच्याकडूनच दाबून घेऊ."

तिने शेजारच्या भाजीवालीकडून कोबीची पाने आणली आणि बटणाच्या बरोबर वर, काचेला लावून धरली. शेळी पुढचे पाय उचलून पानांकडे झेपावली. एकदा चुकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा खूर बटणाच्या दुसऱ्या टोकावर पडला आणि आम्ही चौघे उघडलो. फाटकापाशी जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उस्ताद, तुमची तार राहिली बाजूला," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "पोरीला दुकानातच घ्या की."

"बघू," उस्ताद म्हणाले.

ते बघू पुढे सात वर्षे चालले. मुलीने पदार्थविज्ञानात पदवी घेतली. कॉलेज करता करता ती दुकानात काम शिकली. कुठल्या गाडीत कुठली वायर कुठून जाते, याची चित्रे तिने वहीत काढून ठेवली. पण दुकान पुढे ती चालवणार का, हा प्रश्न आला की उस्ताद डाग पुसायच्या चिंधीने हात पुसायला लागत. हात आधीच स्वच्छ असले तरीही.

मधल्या काळात मी म्हातारा झालो. माझ्या वायरी दारातून गाडीत जातात त्या एका रबरी नळीतून, आणि दार उघडले की त्या वाकतात, मिटले की सरळ होतात. दिवसातून वीसदा दार उघडत असेल, तर बारा वर्षांत किती वेळा झाले, तुम्हीच गुणून पाहा. वरचे आवरण धडधाकट राहिले आणि आतल्या तांब्याचे केसासारखे धागे एकेक करून तुटू लागले. मी कधी लागायचो, कधी नाही. डॉक्टरबाई म्हणायच्या, "मागचं लॉक रुसलंय." रुसव्याची समजूत काढायला मात्र त्यांना सवड नव्हती. दोन महिने असेच गेले.

शेवटी एका शनिवारी सकाळी त्या मला दुकानात घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर एक भलामोठा कुत्रा होता. त्याचा मागचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याला आज घरी पोचवायचे होते.

"उस्ताद, हे लॉक आज लागलंच पाहिजे. हा पैलवान घरी हँडलमध्ये पंजा अडकवून दारं उघडतो. मालकाला मोठा अभिमान आहे त्याचा. पण रस्त्यावर उघडलं तर पायाबरोबर मानही मोडून घेईल."

"काळजी सोडा, बाई."

डॉक्टरबाई पैलवानाला पाणी पाजायला बाहेर गेल्या. माझे दार उघडे होते आणि त्याच्या शेजारीच बापलेक उभे होते, म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

"बाबा, त्या प्रयोगशाळेचं पत्र आलंय. मोजमापाची यंत्रं तपासायचं काम. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"चांगलंय."

"मला इथं राहायचंय. तुम्ही दुकान देतो म्हणालात तर मी त्यांना नाही कळवते. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. फक्त बघू म्हणू नका."

उस्तादांनी चिंधी उचलली. हात पुसले. आणि म्हणाले, "बघू."

मुलगी आत निघून गेली. उस्तादांनी माझ्यात तेलाचे दोन थेंब सोडले आणि चारही दारे लावली. बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती, डॉक्टरबाईही परतल्या. सगळ्यांसमोर उस्तादांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि बटण दाबले.

तीन दारांचा आवाज आला. मी हललोच नाही. वीज माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. शेवटचा धागा तुटला होता.

"चारही चोख," उस्ताद म्हणाले.

मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. बारा वर्षे तीननंतर चौथा आवाज येत असे, म्हणून त्यांच्या मनाने तो स्वतःच वाजवून घेतला. कान साथ देईनासा झाला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कदाचित स्वतःलाही नाही. आतल्या टेबलापाशी मुलीला मात्र चौथा आवाज आला नाही, हे कळले. तिने तोंड उघडले, बाकावरच्या माणसांकडे पाहिले, आणि पुन्हा मिटले.

गाडी निघाली. वीसचा वेग आला, आवाज झाला, तीन दारे बंद झाली. मी उघडा. वेग चाळीस झाला. पैलवान उठून उभा राहिला, त्याने माझे हँडल हुंगले आणि पंजा घातला. तो निसटला. त्याने पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी हँडल वळले आणि आकडा सुटला.

त्या क्षणी मी निव्वळ लोखंड होतो. समोरचा वारा दार मिटलेले ठेवायला धडपडत होता, तेवढाच काय तो आधार. डॉक्टरबाईंच्या पुढ्यात लाल दिवा लागला, आणि त्याच वेळी मागून हॉर्न ऐकू आला. स्कूटर! उस्तादांची मुलगी!

"मागचं दार! हळू थांबवा! हळू!"

डॉक्टरबाईंनी वेग उतरवला. वेग उतरला तसा वाराही ओसरला आणि दार उघडू लागले. वीतभर. हातभर. पैलवानाचे डोके बाहेर आले. तेवढ्यात स्कूटर माझ्या बाजूला आली आणि एका हाताचा तळवा दारावर टेकला. गाडी थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग तिने कुत्र्याचे डोके आत ढकलले, दार लावले आणि रस्त्याच्या कडेला बसून पाच मिनिटे नुसती हसत राहिली. पैलवानाने तिचा कान चाटला.

दुकानात परतल्यावर डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "उस्ताद, तुम्ही तर चार म्हणालात?"

मुलगीच पुढे आली. "चूक माझी. मला चौथा आवाज ऐकू आला नव्हता. चार माणसांत बाबांना खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसले. गाडी वळणाआड गेल्यावर मग जीव थाऱ्यावर राहीना."

"लॉकची वायर कापून टाक, हातानंच लावत जाऊ," बाकावरचा एक जण म्हणाला.

"कापायची कशाला, काका? ती आधीच तुटलीय. कुठं, तेवढं शोधायचं." तिने रबरी नळी मागे सरकवली आणि आतली एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. पहिली ताठ राहिली. दुसरी ताठ. तिसरी रबरासारखी लांबली. "ही. वरून साबूत दिसते, पण आत तांबं नाही, म्हणून ताणली जाते."

जोड तिने वाकणाच्या जागी दिला नाही. तिथे तो पुन्हा तुटला असता. नवी लवचिक वायर घेऊन दोन्ही जोड तिने आत, न वाकणाऱ्या भागात घेतले. मित्रांनो, एवढेच सांगावेसे वाटते. चालत्या गाडीत हँडलशी खेळू नका. आणि एखादा रोजचा आवाज आला नाही, तर ज्याला कळले त्याने ते कुणाचाही मान न पाहता बोलून दाखवावे. मान नंतर राखता येतो.

तिने दार लावले. बटण तिच्या हातात होते, पण तिने ते दाबले नाही. तिने वडिलांचा हात धरला आणि त्यांचा तळवा माझ्यावर, दाराच्या पत्र्यावर ठेवला.

"आता सांगा, बाबा."

तिने बटण दाबले. तीन दारे वाजली, आणि मग मी! दोन महिन्यांचा साठलेला सगळा जोर लावून मी असा लागलो, की पत्रा थरथरला आणि तो थरथराट त्यांच्या तळव्यातून मनगटापर्यंत गेला. उस्तादांनी डोळे उघडेच ठेवले होते.

"परत दाब," ते म्हणाले.

तिने दाबले. पुन्हा दाबले. सातव्या वेळी तिन्हींनंतरचा चौथा खटका तळव्याला वेगळा कळला आणि त्यांचा चेहरा उजळला. पैलवान भुंकला, बाकावरची माणसे उठून उभी राहिली, डॉक्टरबाई पुढे सरकल्या. चिंधी टेबलावर होती. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"ऐका सगळे," ते मोठ्याने म्हणाले, "मला आता नीट ऐकू येत नाही. आजपासून हे दुकान माझी मुलगी चालवणार."