रस्ता रिकामा होता

मी एक गाडी बोलतेय. पांढरी, चार दारांची, बॅटरीवर चालणारी, सात-आठ माणसं बसतील एवढी. वणीत मला सगळे ‘बिनडायवरची’ म्हणत. माझ्या डायवरच्या जागेवर मात्र रोज सकाळी सात वाजता संघदीप येऊन बसायचा. मग मी बिनडायवरची कशी, हे कोडं मला पहिल्याच दिवशी पडलं. पुढं इतकी कोडी पडली की हे त्यातलं सगळ्यात सोपं निघालं.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका शेडमध्ये झाला. म्हणजे गाडी म्हणून मी आधीच तयार होते. तिथं मला कॅमेरे बसवले. छतावर चार, दोन्ही कडांना दोन, पुढं-मागं एकेक. मागच्या सीटखाली एक काळा डबा ठेवला. माझी बुद्धी त्या डब्यात. समीक्षा नावाची तरुण इंजिनिअर मला शिकवायची. तिनं मला लाखो चित्रं दाखवली. हा माणूस. ही सायकल. हा कुत्रा. ही सावली, हिला भिऊ नकोस. कॅमेऱ्यात जे दिसेल त्याभोवती मी मनात एक चौकट काढायची आणि चौकटीवर नाव लिहायचं. नाव बरोबर आलं की समीक्षा खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरायची. जग म्हणजे एवढंच असेल, असं मला वाटलं.

मग मला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात पाठवलं. कोळशाच्या धुळीत आणि ट्रकांच्या रांगांत मी चालू शकले तर कुठंही चालेन, असं कंपनीच्या लोकांचं म्हणणं होतं. वणी बसस्टँड ते राजूर आणि परत, दिवसाला सहा फेऱ्या. माणसांनी फुकट बसायचं, मी शिकायचं.

संघदीपनं एकोणीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवलेला. गुडघ्यानं दगा दिला म्हणून ट्रक सोडला आणि माझ्याकडं आला. नियमानं माझ्यात एक माणूस बसणं भाग होतं. त्यानं हात मांडीवर ठेवायचे, अगदीच वेळ आली तर स्टिअरिंग धरायचं. त्यानं धरलं की मी नोंद करायची : ‘हस्तक्षेप’. संध्याकाळी समीक्षा पुण्यात बसून नोंदी मोजायची. पहिल्या दिवशी एक्केचाळीस निघाल्या.

काय करणार? मला रस्त्याची पांढरी पट्टी पाहून चालायला शिकवलेलं, आणि इथं पट्टी कोळशाखाली गेलेली. एकदा पुढच्या ट्रकाचा उजवा दिवा लागला. उजवा दिवा म्हणजे तो उजवीकडं वळणार, असं मला ठाऊक होतं. मी थांबले. मागं गोंधळ झाला.

संघदीप हसला. “अवं माय, तो तुले म्हणून राह्यला, पुढं जा.”

थोड्या वेळानं दुसऱ्या ट्रकाचा उजवा दिवा लागला. मी शहाणी होऊन पुढं काढायला गेले, तर संघदीपनं कचकन ब्रेक दाबला. तो ट्रक खरोखरच उजवीकडं वळला.

“दिवा नोको पाहू,” तो म्हणाला. “क्लीनर कुठी पाहून राह्यला थे पाय.”

एकाच दिव्याचे दोन अर्थ, आणि खरा अर्थ भलत्याच माणसाच्या मानेत! मी माना पाहायला शिकले. कोणी “जयभीम, भाऊ” म्हणालं की संघदीपचा हात वर जातो, तेव्हा तो स्टिअरिंगकडं येत नसतो, हेही शिकले. रस्त्याच्या मधोमध दोन माणसं बोलत उभी असली की ती हलणार नाहीत, आपणच वळसा घालायचा, हे शिकले. ती का हलत नाहीत, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

दर फेरीनंतर तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझे आठही कॅमेरे पुसायचा. एक्केचाळीसचे वीस झाले, वीसचे सहा. आठ महिन्यांत असे दिवस यायला लागले की एकही हस्तक्षेप नसायचा. समीक्षा फोनवर ओरडली, “दादा, अभिनंदन!” संघदीप “थँक्यू मॅडम” म्हणाला आणि गप्प बसला. मला वाटलं, आकडा कमी झाला म्हणजे हा खूश असणार. मग गप्प का?

त्याचं उत्तर शीलानं दिलं. शीला म्हणजे त्याची बायको. दुपारी ती बसस्टँडवर डबा घेऊन यायची आणि दोघं माझ्यातच बसून जेवायची.

“तिले सगळं आलं का मंग तुमाले कायले ठेवतीन थे?” तिनं विचारलं.

“नाही ठेवणार.”

“मंग धरत जा ना मुद्दाम. दिवसातून चारदा धरलं तं कोणाले कळते?”

संघदीपनं घास खाली ठेवला. “मुद्दाम कसं धरू? म्या धरलं का हिले वाटते, इथी काही तरी होतं. मंग उद्या ही तिथी उगाच थांबन, आन मागचा ट्रक येऊन आदळन. म्या उगाच नाही धरत, शीला. एकदाई नाही.”

मी चक्रावले. मी शिकले की तो जाणार, हे त्याला ठाऊक होतं आणि तरी तो मला नीट शिकवत होता. असं का करतात, याचं एकही चित्र समीक्षानं मला दाखवलेलं नव्हतं.

फेब्रुवारीतला तो सोमवार. सकाळचे साडेआठ. माझ्यात पाच माणसं होती. पुढच्या सीटवर लालीबाई, राजूरला भाजी विकणारी बंजारा बाई, पायाशी वांग्यांची टोपली घेऊन. संघदीपच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांध, असं ती त्याला सांगत होती आणि तो हसून “बांधतो ना” म्हणत होता. टँकरनं धुळीवर नुकतंच पाणी मारलेलं, त्यामुळं रस्ता ओला आणि काळा कुळकुळीत. ऊन समोरून डोळ्यांवर. वेग अडतीस. माझ्या पुढच्या सगळ्या कॅमेऱ्यांनी एकच सांगितलं : रस्ता रिकामा आहे.

संघदीपनं स्टिअरिंग धरलं आणि एकदम डावीकडं ओढलं.

मी रस्ता सोडला, नालीत उतरले आणि बाभळीवर आदळले. माझं नाक चेपलं. वांगी घरंगळली. लालीबाई मनगट धरून “याडी गं” म्हणून आपल्या बोलीत आईला हाक मारत कळवळली. बाकीच्यांना खरचटलं. संघदीप उतरला तो आधी रस्त्याकडं धावला. तिथं कोणी नव्हतं. सिमेंटची एक फाटकी थैली पडली होती आणि तिच्यातून चार-सहा कोळशाचे तुकडे सांडले होते.

“बाई होती,” तो म्हणाला. “वाकून कोळसा येचून राह्यली होती. तुमी कोणीच नाही पाह्यली का?”

कोणीच पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही. मागं वळून पाहावं तर मागचा कॅमेरा धुळीनं बुजलेला.

पुण्याहून तीन माणसं आली. त्यांनी माझा डबा उघडून पाहिला. मी सगळं सांगितलं, कारण मला काही लपवता येत नाही. वेग अडतीस. रस्ता रिकामा. चालकाचा हस्तक्षेप. त्यानंतर अपघात. यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी हे सांगताना काही तरी चुकतंय, असं मला वाटत राहिलं. आठ महिन्यांत त्या माणसानं अकराशेच्या वर वेळा स्टिअरिंग धरलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिथं काही ना काही होतं. मग ही एकच वेळ उगाच कशी असेल? पण माझे कॅमेरे खोटं बोलत नाहीत, आणि संघदीपही बोलत नाही. दोघं खरे असतील तर ती बाई होती की नव्हती? मी तेच चित्र हजारदा पाहिलं. हजारदा रस्ता रिकामा निघाला.

त्या तिघांनी लिहिलं, चालकाला डुलकी लागली असावी.

हे कळल्यावर लालीबाई हाताला प्लास्टर असताना त्यांच्यासमोर येऊन भांडली. “झोपला नवता बाप्पा! माह्यासंगं बोलून राह्यला होता ना!”

त्यांनी डुलकी खोडली आणि लिहिलं, चालक प्रवाशाशी गप्पा मारत होता. लालीबाई त्याला वाचवायला आली होती. ती गेल्यावर त्याचा दोष आणखी पक्का झाला. हे कसं झालं, तेही मला उलगडलं नाही.

मला कोळशाच्या डेपोजवळच्या एका शेडमध्ये आणून ठेवलं. येणारे-जाणारे मला पाहून बोलायचे, त्यावरून कळायचं की रिकाम्या रस्त्यावरून गाडी झाडावर घालणारा डायवर म्हणून संघदीपचं नाव झालंय आणि त्याला कोणी साधी जीपही चालवायला देत नाही.

तीन आठवड्यांनी समीक्षा माझा डबा काढून न्यायला आली. गाडीतलं आपलं सामान घ्यायला संघदीप आला. शीला बरोबर होती. आणि शीलाच्या मागं एक वाळकी, साठीच्या आसपासची बाई, पदर तोंडाशी धरून.

“ह्या बसंतीबाई,” शीला म्हणाली. तीन आठवडे ती राजूरच्या आसपास वस्त्या-वस्त्यांतून बायांना विचारत फिरली होती. “सांगा मावशी.”

“मीच होती थे,” बसंतीबाई म्हणाली. “गाडी आली तं मले समजलीच नाही, हिचा आवाजच येत नाही. यानं वळवली म्हणून वाचली. मंग खाणीचे गार्ड येतीन म्हणून पयाली मी तुरीत.”

समीक्षानं घाईघाईनं फोन काढला. “मावशी, हे एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल? नाव, गाव, सगळं?”

बसंतीबाई दोन पावलं मागं सरली.

“नाही मॅडम,” संघदीप म्हणाला. “सांडलेला कोळसा येचणं हाबी गुन्हाच हाय. हिचं नाव कागदावर आलं तं उद्या गार्ड हिच्या दारात. बाई होती, हे मले माहीत झालं. बस झालं.”

“बस कसं झालं?” शीला कडाडली. “लोक तुमाले झोपला म्हणून राह्यले! घरी बसून राह्यले तुमी! इतकी पायपीट कायले केली म्या?”

बसंतीबाई मान खाली घालून उभी होती.

मग समीक्षानं माझा डबा काढायचं सोडून तो चालू केला. कॅमेरे जागे झाले. तिनं कॉम्प्युटर मांडीवर घेतला. मी जे पाहते ते तिच्या पडद्यावर उमटतं.

“मावशी, नाव नको. चेहराही नको. फक्त तिकडं जाऊन उभ्या राहा.”

डेपोजवळची जमीन, वर्षानुवर्षांच्या कोळशानं काळी झालेली. बसंतीबाई तिथं उभी राहिली. मी लगेच चौकट काढली : माणूस.

“आता त्या दिवशी वाकला होतात तशा वाका.”

बसंतीबाईनं काळवंडलेला पदर डोक्यावरून ओढला. तशीच एक थैली पाठीवर टाकली. वाकली. तिचं लुगडं, तिचे हात, ती थैली, सगळ्यांवर एकाच कोळशाची धूळ. माझी चौकट थरथरली, लहान झाली आणि विझली. मी शोधलं. मनापासून शोधलं. काही सापडेना. मग त्या काळ्या जमिनीवर मला एक आकार लागला आणि मी त्याच्यावर नाव लिहिलं : सावली.

समीक्षानं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. “दोन वर्षं,” ती पुटपुटली. “दोन वर्षं मीच हिला सांगतेय, सावलीला भिऊ नकोस.”

“काय झालं वं पोरी?” बसंतीबाईनं वाकूनच विचारलं.

“मावशी, गाडीला तुम्ही दिसत नाही.”

बसंतीबाई सरळ झाली. मी पुन्हा चौकट काढली. ती हसायला लागली, अगदी पोट धरून. “मंग बरंच हाय ना! त्या गार्डलेई असीच दिसली पायजे मी!”

शीलालाही हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. संघदीप हसला नाही. माझं दार उघडून तो आपल्या जागेवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गाडी उभी होती, म्हणून मी त्याची नोंद केली नाही.

समीक्षानं अहवाल पुन्हा लिहिला. बाईचं नाव नाही, चेहरा नाही, फक्त माझा पडदा : चौकट आहे, चौकट नाही. चालकाची चूक नव्हती, गाडीला दिसलं नाही, असं कंपनीनं कागदावर मान्य केलं. त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर वणीतली चाचणी बंद केली. म्हणजे संघदीपवरचा डाग गेला आणि कामही गेलं. या निकालाला चांगला म्हणावं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही. आता तो वणीतल्या एका शाळेची बस चालवतो. पहिल्या दिवशी लालीबाईनं बससमोर नारळ फोडला, असं शीलानं फोनवर समीक्षाला सांगितलं.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात आहे. मुलंमुली येतात, माझं चेपलेलं नाक पाहतात, माझ्या वायरी उलगडून वहीत चित्रं काढतात. मी चालत नाही. माझं शिकणं मात्र वाया गेलं नाही. समीक्षानं ते माझ्या धाकट्या बहिणींत घातलंय, आणि त्यात बसंतीबाईची ती वाकलेली आकृतीही आहे. बहिणी आता सावल्यांनाही थांबतात म्हणे. कधी कधी उगाचच. पुण्यातले लोक वैतागतात.

म्हणून एक विनंती करते. कधी रस्त्यात अशी एखादी गाडी तुमच्या पुढं अचानक उभी राहील. समोर काहीच दिसत नसेल. तिला शिव्या घालू नका. खाली उतरा, चार पावलं पुढं जा आणि नीट पाहा. कोणी नसलं तर बरंच झालं. पुन्हा बसा आणि आपल्या वाटेनं जा.