शेवंतीच्या अंगावरचा पिवळा जंपसूट

मी शेवंती बोलतेय. फुलदाणीतली नव्हे, टॅबच्या काचेमागची. सप्तरंग सिटी नावाच्या एका आभासी शहरात माझं घर आहे. तिथे माणसं स्वतः येत नाहीत, आपल्या जागी आम्हाला पाठवतात. आम्हाला अवतार म्हणतात. त्यांच्या वतीने आम्ही हिंडायचं, नटायचं, लोकांच्या नजरा झेलायच्या. वेळ आली की त्यांच्या वतीने बोलणीही खायची, हे मात्र मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मला घडवलं छायाने. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे त्यांचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिने मला जन्म दिला. या शहरात जन्मणाऱ्या प्रत्येकीला राखाडी बनियन आणि राखाडी पँट मिळते, तशी मलाही मिळाली. छायाने मला तिचे डोळे दिले, तिची टोकदार हनुवटी दिली, डाव्या भुवईवरची लहानपणीची खूणसुद्धा दिली.

"तोंड माझंच राहू दे," ती म्हणाली. "कपडे मात्र मला कोणी घालू देत नाही ते."

मग तिने मला काय काय घातलं! झेंडूच्या पाकळ्यांसारखा थराथरांचा स्कर्ट. काष्ट्याच्या साडीवर चामड्याचं जॅकेट आणि पायात जाडजूड बूट. ती रंग कुठल्या मासिकातून घेत नसे. समोर पडलेल्या फुलांच्या ढिगातून घ्यायची. गुलाबाच्या देठाचा हिरवा, निशिगंधाच्या कळीचा फिकट गुलाबी. शहरातल्या चौकात दुसऱ्या अवतारांनी मला थांबवून विचारावं, "कोणी नटवलं गं तुला?" आणि मी मान ताठ करावी, असे दिवस होते ते.

माझेच फोटो घेऊन छाया पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजच्या मुलाखतीला गेली आणि प्रवेश मिळवून आली. ठरलेल्या एका सोमवारपर्यंत जाऊन तो पक्का करायचा होता. तिचे आजोबा, चिमाजी, आठवडाभर कुरकुरले आणि मग म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. पाट्या उचलण्यापेक्षा बरं." छायाने त्या रात्री मला चार वेळा कपडे बदलून नाचवलं.

आता छायाच्या आईबद्दल सांगते. तिचं नाव साधना. दुपारी सासूसासरे आडवे झाले की ती गजरे ओवत छायाजवळ बसायची. सुरुवातीला नुसती नाकं मुरडायची. मग एकदा न राहवून म्हणाली, "ती ओढणी काढ गं तिची. गळ्यात लोढणं बांधल्यावानी दिसतंय."

छायाने ओढणी काढली. खरंच, मी सुटल्यासारखी दिसले.

"आई, तुला कळतं की गं यातलं!"

"न कळायला काय झालं? जन्म फुलांत गेला माझा."

साधना लग्न होऊन वणीहून आली तेव्हापासून तिने नेसलेली प्रत्येक साडी कोणाच्या ना कोणाच्या लग्नातल्या मानपानाची. तुला कुठला रंग आवडतो, हे तिला कोणी विचारलेलं नव्हतं. छायाने विचारलं, आणि माझ्या कपाटात आईसाठी एक वेगळा कप्पा करून दिला. छाया कॉलेजला गेली की साधना मला एकटीच नटवू लागली. तिचं बोट काचेवरून भीत भीत फिरायचं, पण रंगाला कधी चुकायचं नाही.

"घरात कोणाला सांगू नको हं," ती छायाला म्हणाली होती. "तुझ्या आजीला कळलं तर म्हणंल, सून म्हातारपणी बाहुल्या खेळती."

"शप्पथ नाही सांगणार," छाया म्हणाली. ही शपथ लक्षात ठेवा.

पुण्याला जायच्या आधीचा तो गुरुवार. छाया मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली होती. साधनाने मला पिवळाधमक जंपसूट घातला, बिनबाह्यांचा. केस मानेपर्यंत कापले. डोळ्यांवर गॉगल चढवला, मोटरसायकलवर बसवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. नकळत तिने आपला पदर मानेवरून जरा खाली सरकवला.

"मानेला वारा लागत आसंल, नाय?" तिने मला विचारलं.

मग इंग्रजीत काहीतरी विचारणारी एक चौकट आली. हा फोटो सगळ्यांना दाखवू का, असं शहर विचारत होतं. साधनाला वाटलं, ठेवून देऊ का म्हणतंय. दोन बटणं होती, एक लाल, एक हिरवं. हिरवं म्हणजे चांगलंच असणार, म्हणून तिने ते दाबलं. छायाच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाकडे, छायाच्या नावाने, मी मोटरसायकलवरून जाऊन पोचले.

संध्याकाळी घरात नुसते फोन. छाया उंबऱ्यात पाऊल टाकते तोच आजीने, गोजराबाईंनी, तिची वेणी धरून ओढली.

"आई गं! आजी, काय करतेस?"

"क्यास तर हायेत बाई जागच्या जागी." गोजराबाईंचा जीव भांड्यात पडला. "मग फोटूत कुठं गेले?"

"अगं, ती मी नाही. खेळातली बाहुली आहे."

"बाहुलीला तुझं तोंड कशापायी?" चिमाजींनी विचारलं.

"आजोबा, खोटी आहे ती! तिचे दंड म्हणजे नुसते रंगाचे ठिपके आहेत. त्याची कसली लाज?"

"मी काय घरोघर जाऊन सांगू, ठिपके हायेत म्हणून? तुझा चुलता सहादू नाशकाच्या द्वारका चौकातून दोनदा फोन करून ऱ्हायला. वणीच्या पाव्हन्यांनी बघितलं. हितं आमच्या डोळ्यांपुढं ही तऱ्हा, तर पुन्यात काय करशील?"

"हेच करीन! हेच शिकायला चाललेय मी!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्याकडे टाळ्यांचं बटण आहे, पण ते दाबायला कोणी नव्हतं.

चिमाजींनी टॅब तिच्यापुढे धरला. "ह्यो असला पोशाख तू घातला हिला?"

छायाने पिवळा रंग पाहिला आणि तिला कळलं. हा तिचा हात नव्हता. तिने आईकडे पाहिलं. साधना गजऱ्यांच्या ढिगाशी बसली होती, सुई फुलात अडकलेली.

"साधना, तुला ठाऊक व्हतं हे?" चिमाजींनी विचारलं.

साधनाचं एक वाक्य पुरलं असतं. मामा, माझ्या हातून चुकून बटण दाबलं गेलं. काय झालं असतं? सासू चार दिवस हसली असती, सासरा चार दिवस बोलला नसता. पंचेचाळिशीच्या बाईला कोणी घराबाहेर काढत नाही खेळापायी.

"नाय मामा," साधना म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं? मी तर हातबी लावत नाय त्याला." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "छाये, लाज नाय वाटली का गं तुला?"

छायाचं तोंड उघडलं. मी वाट पाहिली. ही पोरगी कोणाचं ऐकून घेणारी नाही, मला माहीत आहे. पण तिने शपथ घेतली होती.

"मीच घातला," ती म्हणाली.

मोठी माणसं पोरांना सांगत असतात, खरं बोला, शब्द पाळा. त्या ओसरीवर शब्द पाळणारी एकच होती आणि तिलाच सगळ्यांनी निर्लज्ज ठरवलं. छायाच्या वडिलांनी, नाथाभाऊंनी, नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मान हलवली. पुणे रद्द झालं.

"आन् हे डबडं साधनाच्या ट्रंकेत टाका," चिमाजी म्हणाले. "चावी तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मानपानाच्या साड्यांखाली पडून राहिले. सोमवारी दुपारी झाकण उघडलं. मला वाटलं, छाया! पण ती साधना होती. तिने दाराला आतून कडी घातली होती.

"रागावली का गं?" तिने मला विचारलं, आणि मला जांभळा झगा घातला.

बाहेर ओसरीवर छाया गुलाबाच्या जुड्या बांधत होती. ज्या दिवशी तिने पुण्यात असायचं, तो तिचा सोमवार असा काटे मोडण्यात गेला. आत तिची आई माझ्यासाठी कानातले निवडत होती. मग तिने हसण्याचं बटण दाबलं. मी हसले. अवताराला नाही म्हणायची सोय नसते.

त्यानंतर ती रोज दुपारी येऊ लागली.

चिमाजींना वाटतं मी टॅबमध्ये राहते. मी कुठूनही उघडते. छायाचा जुना फोन माझं वजन पेलत नाही, म्हणून काल ती पंचवटीत मैत्रिणीकडे, मृण्मयीकडे, गेली आणि तिच्या लॅपटॉपवरून माझ्यापर्यंत पोचली. मी किती आनंदले! पण तिने माझ्या अंगावरचा नवाकोरा निळा घागरा पाहिला आणि ती थबकली. हे रंग तिला ओळखता येत होते.

"आई अजून हिला नटवते," ती म्हणाली. "मला घरी बसवून."

"अगं, मग घरी सांगून टाक ना!" मृण्मयी म्हणाली.

"मी कशाला सांगू? तिचं तोंड कुठे गेलंय?"

मग तिने माझं कपाट उघडलं आणि रिकामं करायला घेतलं. झेंडूचा स्कर्ट गेला. जॅकेट गेलं, बूट गेले. कायमचं काढून टाकू का, असं शहर दर वेळी विचारत होतं आणि ती हो म्हणत होती. मी ओरडले असते, छाये, ही तुझी तीन वर्षं आहेत, माझ्यावर कशाला राग काढतेस? पण मला ओरडण्याचं बटण नाही. शेवटी तिने आईच्या कप्प्यातला पिवळा जंपसूट काढला, मला घातला आणि बाकी एक दोराही मागे ठेवला नाही.

आज दुपारी साधनाने मला उघडलं. कपाट पाहिलं. कप्पे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. जंपसूट उतरवायला गेली, तर त्याजागी घालायला ती राखाडी बनियनसुद्धा नव्हती. तिचं बोट काचेवरच थांबलं. मानेवर हात गेला आणि तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"छाया आली व्हती का?" तिने मला विचारलं.

साधनाबाई, आली होती. ती अजूनही दाराबाहेर आहे, कडीच्या पलीकडे, ओसरीवर. पुण्याची तारीख गेली, माझे कपडे गेले, पण तिने तुमचं नाव अजून घेतलेलं नाही. मला काखेत मारा, कडी काढा आणि सासऱ्यांसमोर एवढंच म्हणा, हा पिवळा मी घातला. एवढ्याने पुढच्या वर्षाची वाट तरी मोकळी होईल.

"साधना, अगं चहा टाकती का?" बाहेरून गोजराबाईंची हाक आली.

"आले आत्याबाई!"

तिने सवयीने हसण्याचं बटण दाबलं आणि मला तसंच साड्यांखाली सरकवलं. झाकण पडलं. चावी फिरली. आत अंधारात, पिवळ्या जंपसूटमध्ये मी अजून हसतेय. ते थांबवायचं बटण दाबायला ती विसरली.