टुस्टना खोडायचं

अंगठी आज कीबोर्डवर जरा जास्तच वाजत होती... बारीक झालो की काय आपण? राघवनं ती बोटात फिरवून पाहिली आणि पुन्हा नॉर्वेकडे वळला. जयपूरच्या जानेवारीत, पायाशी हीटर घेऊन, तो नॉर्वेतल्या लोकांचे पत्ते दुरुस्त करत असे; पोटासाठी माणूस काय काय करतो. आजचं काम सोपं होतं — टुस्टना नावाची बेटांवरची नगरपालिका एक तारखेपासून शेजारच्या आउरेत विलीन झाली होती. टुस्टना खोडायचं, आउरे लिहायचं. बेटं जागच्या जागी, माणसं त्याच घरांत, मेंढ्यांना तर कुणी कळवलंही नसणार. साहेबांची ताकीद एकच — जुन्या नावानं कुणी शोधलं तरी माणूस सापडला पाहिजे.

याच अंगठीनं त्यानं लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहिलं होतं. आई कानाशी. "तिचं माहेरचं विनया नको रे, त्या नावाच्या तुझ्या आत्याचे हाल बघितलेस ना? कस्तुरी लिही." लिहिलं. अक्षर सुरेख आलं, सगळ्यांनी वाखाणलं, आणि ताटापलीकडची मुलगी... हसली होती का ती? तो अक्षराकडे बघत होता. मग सहा वर्षं जयपुरातल्या मानसरोवर वस्तीतल्या घरात कस्तुरी, चहा — कस्तुरी, टॉवेल. आत्याचे झाले तेच हाल, फक्त नव्या नावानं. दिवाळीला ती नागपूरला माहेरी गेली ती गेलीच. तिनं फोन केला नाही, त्यानंही नाही. आधी कोणी करायचा, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

"राघवजी," रिसेप्शनवरून रणजीत ओरडला, "कोई विनयाजी हैं लाइन पर."

"कौन विनया? पॉलिसीवाली होगी. काट दो, भैया."

टुस्टना खोडलं, आउरे. टुस्टना खोडलं... बोटं थांबली.

तो रिसेप्शनपाशी पोचला तेव्हा रणजीत निवांत शेंगदाणे सोलत होता.

"क्या बोला उनको?"

"यही, कि राघवजी किसी विनया को नहीं जानते."

"फिर?"

"हँसीं थोड़ा. बोलीं, सही कह रहे हैं."

राघवनं नागपूरचा नंबर फिरवला. पलीकडे सासरे, नागनाथराव. "हॅलो, कोण पाहिजे?"

जिभेवर आधी कस्तुरीच आलं. त्यानं ते गिळलं... आणि दुसरं नाव आपल्या आवाजात कसं वाटतं, हे आपण कधी ऐकलेलंच नाही —

"हॅलो? अहो, कोण पाहिजे?"