नववा प्रश्न

माझं काम बोटांचं आहे, डोक्याचं नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. विद्यापीठाच्या ज्या विभागात विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास चालतो, तिथे भरून आलेले फॉर्म मी कॉम्प्युटरवर चढवते. झोप लागते का, भूक लागते का, कामात लक्ष लागतं का, असे बारा प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन आकडे. शून्य म्हणजे ‘कधीच नाही’, तीन म्हणजे ‘जवळजवळ रोज’. माणसं आकड्याभोवती गोल करतात, मी तो आकडा दाबते. विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर कोपऱ्यात चित्रं असतात, कामगारांच्या फॉर्मवर तेलाचे डाग. बाकी रडगाणं दोघांचं सारखंच, आणि मला त्याचा उबग आला होता. मला कोण विचारतं झोप लागते का म्हणून?

फॉर्मवर नाव नसतं. पण एकाच माणसाचे तीन फेऱ्यांतले फॉर्म जुळवायचे असतात, म्हणून ज्याने-त्याने आपला संकेत स्वतःच तयार करायचा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माची तारीख, बुटाचा नंबर आणि भावंडं किती, स्वतःला धरून. हा कोणाचा संकेत आहे हे शोधायचा प्रयत्न करणार नाही, अशा कागदावर मी सही केलेली आहे.

शिवाय प्रत्येक फॉर्म दोनदा टाइप करायचा. पहिल्यांदा झाला की गठ्ठा बाजूला ठेवायचा आणि आठ-दहा दिवसांनी तोच पुन्हा. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत की चौकट लाल होते, मग कागद नीट बघायचा. माझ्या चौकटी सहसा लाल होत नाहीत. मला त्याचा भारी तोरा होता.

त्या मंगळवारी सकाळी बाटल्यांच्या कारखान्याचा गठ्ठा दुसऱ्यांदा चालला होता. एका फॉर्मला चौकट लाल झाली. नववा प्रश्न. आत्ता मी तीन दाबलं होतं, दहा दिवसांपूर्वी शून्य.

नववा प्रश्न असा: ‘जगून काय करायचं, मेलेलं बरं, असे विचार येतात का?’ याला जवळजवळ सगळेच शून्य देतात. इतके देतात, की नववा आला की माझं बोट आपोआप शून्याकडे जातं. मी कागद उचलला. तीनभोवती गोल होता, दोनदा गिरवलेला. पेन इतकं दाबलेलं, की मागच्या बाजूला वळ उठला होता. वर संकेत होता: य, २९, १२, २.

बारा नंबरचा बूट घालणारी माणसं असतील जगात. पण त्या कारखान्यात कामाला असलेला, एकोणतीस तारखेला जन्मलेला, दोन भावंडांतला आणि आमच्या आईचं अक्षर असलेला एकच. माझा धाकटा भाऊ. त्या अवाढव्य पायांमुळे घरात सगळे त्याला जहाज म्हणतात.

मग मला सायकल आठवली. गेल्या रविवारी तो घरी आला, आईच्या टेबलफॅनला तेल घातलं आणि आपली सायकल माझ्या लेकीला देऊन टाकली. ती सायकल तो कोणाला हातही लावू देत नसे. मी काय म्हणाले असेन? “आज सूर्य कुठे उगवला रे?” तो नुसता हसला.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. हा सगळा अभ्यास त्यांचा. कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “मॅडम, मी शोधला नाही हो. तोच सापडला. माझा भाऊ आहे.”

त्यांनी नववा प्रश्न बघितला, तारीख बघितली. फॉर्म तीन आठवड्यांपूर्वी भरलेला होता. त्यांचाही चेहरा उतरला.

“तुम्ही आधी तिकडे जा,” त्या म्हणाल्या. “नियमाचं मागाहून बघू. मी डॉक्टरांना फोन करून आजचीच वेळ घेते. आणि हे बघा, आडून आडून विचारू नका. सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो.”

रिक्षात बसून त्याला सात वेळा फोन केला. उचलेना. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक रिंगला जीव वरखाली होत होता. कारखान्याच्या फाटकावर वॉचमनला म्हटलं, घरचं काम आहे, अर्जंट. त्याने मला विश्रांतीच्या खोलीत बसवलं. लांब बाक, पाण्याचं पिंप, भिंतीवर हातमोजे अडकवायचे खिळे. काचेपलीकडे दिव्याच्या पांढऱ्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत होत्या आणि चार माणसं त्यांच्याकडे टक लावून बसली होती. तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला ठेवायची. चौथा माझा भाऊ होता. त्याची रुंद पाठ दिसली आणि मी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की वॉचमनने पिंपातलं पाणी आणून दिलं.

घंटा झाली, चौघे उठले, दुसरे चौघे बसले. तो कानांतली बुचं काढत बाहेर आला.

“ताई? आईला काही झालं?”

“आई ठणठणीत आहे. तू कसा आहेस?”

“बरा आहे की.”

“जहाजा, माझ्याशी खोटं बोलू नकोस. मरायचे विचार येतात का तुला?”

तो बाकावर बसला. कानांतली बुचं या हातातून त्या हातात करत राहिला. मी गप्प बसले, आणि हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते आमच्या घरी विचारा.

“येतात,” तो म्हणाला. “रोज. का, ते विचारू नकोस. कारण असतं तर त्याच्याशी भांडलो असतो मी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुला कसं कळलं?”

“फॉर्मवरून. तू तीनला गोल केला होतास.”

“तो तुझ्याकडे येतो?”

“माझ्याच हातून जातो.”

“मला वाटलं होतं, कोणीतरी वाचेल,” तो म्हणाला. “मुद्दाम गिरवून ठेवला होता. तोंडाने सांगवत नव्हतं. मग एक आठवडा गेला, दुसरा गेला. म्हटलं, झालं, कोणी वाचत नाही. रविवारी सायकल देऊन टाकली.”

मला रडू फुटलं. “मी वाचला नाही रे. मी नुसता टाइप केला. शून्य दाबलं मी. तुझ्या तीनच्या जागी शून्य.”

मी त्याला धीर द्यायला आले होते, आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवायची वेळ त्याच्यावर आली. “सलग किती वेळ बसतेस टाइप करायला?” त्याने विचारलं.

“अडीच-तीन तास.”

“अगं, वेड लागलंय का तुम्हा लोकांना?” तो खराखुरा वैतागला. “आम्हाला वीस मिनिटांत उठवतात. दोनशे बाटल्या चांगल्या गेल्या की दोनशे एकावीही चांगलीच दिसते. डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत. हे इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. आणि तुम्ही तिकडे मोठे मोठे शिकलेले!”

तो मला ओरडत होता, आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. गेल्या चार महिन्यांत तो माझ्यावर ओरडला नव्हता. नुसता ‘बरं’ म्हणत होता.

सुपरवायझरला त्याने स्वतःच सांगितलं, “तब्येत बरी नाही, डॉक्टरकडे जातोय.” सुपरवायझर म्हणाला, “जा बाबा, कधीपासून म्हणणार होतो.” दुपारी चारला आम्ही डॉक्टरांकडे होतो. मी बाहेर बसले. तो तासाभराने आला, डोळे लाल, खांदे सैल. म्हणाला, “भूक लागली.” हे दोन शब्द ऐकून मला परत रडू आलं, तर म्हणतो, “तुझी तपासणी करून घेऊ का, आलोच आहोत तर?”

तो महिनाभर आमच्याकडे राहिला. गोळ्या सुरू झाल्या, दर गुरुवारी डॉक्टरांकडे बोलायला जाणं सुरू झालं. एका गुरुवारी जात नाही म्हणून अडून बसला, तर आई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. “चल, मी पण येते. मलाही तुझ्या बहिणीबद्दल बरंच बोलायचंय.” त्याला उठावंच लागलं. सगळं लगेच छान झालं असं नाही. सायकल परत ने म्हटलं की म्हणायचा, “राहू दे तिच्याकडे.” मी सायकल रोज पुसून ठेवायची.

विभागात मॅडमनी घडलं ते अशा अभ्यासांचे नियम सांभाळणाऱ्या समितीला लिहून कळवलं. मला समज मिळाली, ती मी निमूट घेतली. कारखान्याचे फॉर्म माझ्याकडून काढून घेतले. फॉर्म आले की त्याच दिवशी आधी फक्त नववा प्रश्न बघायचा, हा नियम झाला, आणि संकेताखाली एक ओळ वाढली: ‘कोणी संपर्क करावा असं वाटत असेल तर इथे फोन नंबर लिहा.’ माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला टायमर आला. वीस मिनिटांनी तो कोकलतो, मी उठते.

तीन महिन्यांनी पुढच्या फेरीचे फॉर्म आले. त्या दिवशी माझं कशात चित्त नव्हतं. भाऊ केव्हाच आपल्या खोलीवर परत गेला होता, हसत-बोलत होता, पण ‘बरा आहे’ या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला होता. दुपारी मॅडमनी बोलावलं. समोर एक फॉर्म होता, त्यावर त्यांनी आपला तळवा पसरून ठेवला होता.

“हा तुम्ही बघायचा नाही,” त्या म्हणाल्या. “एकही आकडा सांगणार नाही. पण शेवटच्या रिकाम्या जागेत तुमच्यासाठी निरोप आहे.”

त्यांनी तळवा थोडा वर सरकवला. ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ याच्याखाली माझ्या भावाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘टाइप करणाऱ्या ताईला सांगा, माझी सायकल परत पाहिजे.’