दहा पावलं काठ

सोमवार हा रळियातबेनचा माहेरचा दिवस. सासरच्या कुंवरवावहून सकाळची पहिली छकडो रिक्षा पकडायची, पीपळवदरच्या फाट्यावर उतरायचं आणि भावांच्या घरी जायच्या आधी झांझरीच्या वळणावर जायचं. तिथे डोहात घागर बुडवून एकेका रोपाला पाणी घालायचं. करंज, जांभूळ, उंबर मिळून एकशे चाळीस रोपं होती. गावातल्या बायका म्हणायच्या, ही माहेरी येते ती भावांसाठी नव्हे, झाडांसाठी. त्यात निम्मं तरी खरं होतं.

झांझरी हा आमचा ओढा. आमच्या आज्यांनी त्यात म्हशी डुंबवल्या आणि आमच्या बापांनी त्याचा काठ खाल्ला. दर वर्षी नांगर हातभर पुढे. कुणी काही बोलायचं नाही, कारण समोरच्या काठावरही तेच चाललेलं असायचं. शेवटी ओढ्याची एक चिंचोळी घळ उरली आणि तिच्यात वेडी बाभूळ माजली. पावसाळ्यात पाणी येई ते माती घेऊन जाई, आणि दिवाळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागत.

तेव्हा वजुभाई मास्तर कंबर कसून उभे राहिले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, बोलायला कडक, मनाने सरळ. त्यांचं मागणं एवढंच होतं की प्रत्येकानं काठापासून दहा पावलं सोडावीत. त्या पट्ट्यात नांगर घालायचा नाही, गवत वाढू द्यायचं, झाडं लावायची. सुरुवात त्यांनी स्वतःच्याच शेतापासून केली, त्यामुळे कुणाला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. मग मास्तरांनी काठावरचे सगळे सातबारे काढले. म्हणाले, ज्याचं नाव त्याची सही, उद्या भांडण नको.

सातबाऱ्यांवर सतरा नावं निघाली. त्यातली आठ बायकांची.

बाप वारला की वारसांत मुलींची नावं चढतात. पुढे सवडीनं ती काढून टाकायची असतात. आमच्याकडे त्याला 'हक कमी करणं' म्हणतात. बहीण कचेरीत येऊन सांगते, मला काही नको, सगळं भावांचं. या आठ जणींची नावं निव्वळ आळसानं राहून गेली होती. मास्तर नियमाचे पक्के. ते आठही सासरी गेले.

रळियातबेन तेव्हा गोठ्यात होती. हात पुसत बाहेर आली. "माझी सही? माझी कशाला?"

"जमीन तुझी आहे म्हणून. तिसरा हिस्सा, वळणावरचा. बापामागं तुझं नाव चढलंय."

"परत म्हणा, मास्तर."

मास्तरांनी परत म्हटलं. बेचाळीस वर्षांच्या बाईला आपण कशाच्या तरी मालक आहोत हे पहिल्यांदा कळलं, आणि पुढच्याच सोमवारी ती घागर घेऊन वळणावर हजर झाली.

पण मास्तरांना एक गोष्ट सुचली नाही. ज्या कागदानं बहिणींना त्यांचा हक्क कळला, त्याच कागदानं भावांना आपला आळस आठवला. दोन वर्षांत आठांपैकी सात नावं उडाली. कुणाचं राखीच्या आधी, कुणाचं पोरीच्या बाळंतपणाच्या वेळी. राहिली ती एकटी रळियात.

त्या सोमवारी हंसाभाभी, थोरल्या भावाची बायको, किटली घेऊन वळणावर आली. कधी यायची नाही. बशीत चहा ओतून देत म्हणाली, "काय बेन, बारसं केलंत का यांचं?"

"केलंय की. ही वाकडी आहे ना, तिचं नाव हंसा."

दोघीही हसल्या. मग हंसाभाभीनं हसू आवरलं. "तुमचे भाई म्हणतात, हे वळण बुजवायचं. समोरच्याशी बोलणं झालंय. मशीन आणून ओढा सरळ काढला की दोन विघे जमीन निघते."

"आणि डोह?"

"डोह काय खायचाय?"

"भाभी, गेल्या वर्षी खाली कुंवरवावला आमच्या विहिरीला वैशाखापर्यंत पाणी होतं. कशामुळे? पाणी इथं वळतं, थांबतं, म्हणून. सरळ केलं तर ते धावतच सुटेल. सासरी भांडून निघालेल्या सुनेसारखं, मागं वळून बघायचं नाही."

हंसाभाभीनं बशी विसळली. "ते मला नका सांगू. मी आपली निरोप्या. तुमच्या नीरूचं लग्न आलंय, मामेरं व्हायचंय, एवढं ध्यानात ठेवा."

बोलणं गोड होतं, पण काटा बसायचा तिथे बसला.

बाहेरच्याला मामेरं म्हणजे नुसता आहेर वाटेल. पण पोरीच्या लग्नात मामा वाजतगाजत मांडवात येतो, बहिणीच्या डोक्यावर चुनडी घालतो, तेव्हा सगळं सासर बघत असतं, की या बाईला अजून माहेर आहे. मामा आला नाही तर जन्मभर टोमणे, आईला आणि लेकीलाही. रळियातच्या धाकट्या जावेच्या लग्नात तिचा मामा आला नव्हता, आणि ती असे टोमणे वीस वर्षं ऐकत होती. पुढे पुढे ती लग्नकार्यात स्वयंपाकघरातून बाहेर यायचीच बंद झाली.

चैत्रात रळियात गूळ आणि नारळ घेऊन मामेऱ्याचं बोलावणं करायला माहेरी गेली. थोरला वशरामभाई आणि धाकटा डायाभाई ओसरीवर बसले होते. आई जीवीबा खाटेवर. वशरामनं नारळ कपाळाला लावला, भाचीची चौकशी केली, वाजंत्री कुठले आणायचे तेही बोलला. माणूस वाईट नव्हता. बहिणीवर त्याची माया होती आणि ती खोटी नव्हती. म्हणूनच तर हे पाप आमच्यात एवढं सुखानं नांदतं.

जेवणं झाल्यावर तो सहज म्हणाला, "गुरुवारी तालुक्याला ये. एक अंगठा द्यायचाय."

"मला सही येते, भाई."

"मग सही दे. तुझी सही आणखी चांगली."

"आणि वळण?"

"त्याचं बघू."

"बघू नको, सांग. काठाची दहा पावलं ठेवशील? नाव काढ माझं, पण डोह बुजवू नकोस."

डायाभाई उसळला. "बेन, तू आता सौदा करतेस आमच्याशी? मामेरं मागतेस की हिस्सा?"

"दोन्ही माझंच आहे ना रे, डाया."

मग जीवीबा खाटेवरून उतरली. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई भिंतीला धरत धरत लेकीपर्यंत आली, डोक्यावरची ओढणी काढली आणि लेकीच्या पायांवर टाकली.

"बा! हे काय करतेस?"

"मला यांच्याच घरात मरायचंय, बेटा. यांच्याच हातचा रोटला खायचाय. तू कोर्टकज्जे करशील नि जाशील सासरी. मी कुठं जाऊ? मीही माझ्या भावांना सोडलं होतं सगळं. काय बिघडलं माझं?"

काय बिघडलं ते त्या पांढऱ्या उघड्या डोक्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. रळियातनं ओढणी उचलली, झटकली आणि आईच्या डोक्यावर परत घातली. "येईन गुरुवारी," ती म्हणाली.

वशरामनंही शब्द दिला. "दहा पावलं ठेवीन जा. तुझ्या झाडांना हात नाही लावणार. भावावर विश्वास नाही का?"

गुरुवारी तालुक्याच्या कचेरीत गर्दी होती. कारकुनानं भराभर वाचलं, की मी माझ्या राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझा हक्क सोडत आहे. मग मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं ना, बेन?"

दोन्ही भाऊ तिच्या मागे उभे होते. डायाभाईच्या हातात मिठाईचा पुडा होता, तिच्यासाठीच घेतलेला. रळियातनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारनं तिला तिची खुशी विचारली होती.

"हो," ती म्हणाली. "राजीखुशीनं."

मामेरं झोकात झालं. गावाच्या वेशीपासून ढोल, पुढे वशरामभाई लाल फेटा बांधून, मागे पन्नास माणसं, बायकांच्या डोक्यांवर परड्या. वशरामनं बहिणीच्या डोक्यावर चुनडी घातली तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. रळियात ढसाढसा रडली. लेकीच्या पाठवणीचं रडू, असं सगळ्यांनी धरलं. धाकटी जाऊ मात्र स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला तो कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी मशीन आलं. वशरामचा शब्द खोटा होता असं मी म्हणणार नाही. शब्द दिला तेव्हा तो खराच होता. पण ड्रायव्हर म्हणाला, झाडं ठेवून ओढा सरळ होत नाही. समोरचा शेतकरी म्हणाला, पोरखेळ लावलाय का? आणि ज्या नावासाठी थांबायचं ते नाव कागदावर राहिलं नव्हतं. दुपारपर्यंत वळण बुजलं. डोहातली कासवं उन्हात वाट फुटेल तिकडे चालत सुटली. पोरांनी काही उचलून मास्तरांच्या पट्ट्यात सोडली, काही मशीनखाली गेली. एकशे चाळीस रोपं मातीसकट ढिगात पडली.

सोमवारी रळियातबेन नेहमीच्या छकड्यानं आली. फाट्यावरूनच तिला दिसलं असणार. तरी ती वळणापर्यंत गेली आणि हातात घागर घेऊन उभी राहिली.

वजुभाई मास्तर तिथेच होते. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. दोन वर्षांची मेहनत, आणि जो डोह सगळ्या ओढ्याला धरून होता तोच गेला. तिला बघून त्यांचा तोल सुटला.

"सही केलीसच शेवटी? निदान तू तरी नाही म्हणायचं होतंस! सातजणींचं समजू शकतो, पण तू? एक शब्द, रळियात. 'नाही' एवढा एकच शब्द होता."

तिनं घागर खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमच्या लाभूबेननं म्हटलं होतं का 'नाही'?"

बहिणीचं नाव ऐकून मास्तर म्हणाले, "तिचं काय इथं?"

"तुमच्या शेताची दहा पावलं बघायला जिल्ह्यातून माणसं येतात. फोटो काढतात. ते शेत तुमच्या बापाचं. लाभूबेनचं नाव त्यावर नाही. कुठं गेलं?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त लागलं. "तुम्ही आठ घरी विचारायला आलात. उपकार आहेत तुमचे. पण आधी स्वतःच्या बहिणीला विचारलं असतंत, तर तुम्हाला कळलं असतं की तो शब्द आम्हाला कुणी शिकवलेलाच नाही."

तिनं घागर काखेला मारली आणि फाट्याकडे चालू लागली. माहेरी गेली नाही.

त्या दिवशी मास्तरांनी ट्रंक उघडली. कागद सापडला, सव्वीस वर्षांपूर्वीचा. खाली लाभूचा अंगठा, वरती तीच ओळ, माझ्या राजीखुशीनं. त्यांनी आठवून बघितलं. कचेरीत लाभू काय म्हणाली होती? काहीच आठवेना. तिला काही म्हणायचं असेल असं त्यांना तेव्हा वाटलंच नव्हतं. एवढंच आठवलं, की परत येताना तिनं उसाचा रस मागितला होता आणि त्यांनी मोठ्या मनानं तो पाजला होता.

दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडे गेले. बहिणीचं नाव परत चढवायला काय करावं लागतं ते विचारलं. तलाठी हसला. म्हणाला, "मास्तर, नाव काढायला माणसं येतात. घालायला तुम्ही पहिले." पण कागद तयार करून दिला.

लाभूबेनचं सासर चार गावं पलीकडे. मास्तर पोचले तेव्हा ती परातीत बाजरीचं पीठ मळत होती. भावाला दारात बघून तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तुझ्याकडे आलोय."

"माझ्याकडे?" ती गडबडून उठली, खाट ओढली, सुनेला चहाची हाक दिली. मग तिची नजर भावाच्या हातातल्या कागदावर गेली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. सगळा उलगडा झाला होता तिला. तिनं उजव्या हाताचा अंगठा पदराला नीट पुसला, पिठाचा कण राहू दिला नाही, आणि हात पुढे केला.

"आण. कुठं लावू?"

मास्तरांनी तो हात दोन्ही हातांत धरला. सगळं सांगायचं ठरवून आले होते, सातबारा, झांझरी, रळियात, सव्वीस वर्षं. पण पासष्ट वर्षांचा तो कडक माणूस बहिणीच्या दारात लहान पोरासारखा रडू लागला.

लाभूबेन घाबरली. दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळत पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "अरे, देतेय ना मी! नाही कुठं म्हटलंय? रडतोस कशाला वेड्या, देतेय ना!"