मासळी न लागलेलं पिंप

हेमांगीने शेवटची ताटली दिव्याच्या काचेवर ठेवली, ठिपके मोजायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. इतर ताटल्यांवर पंचवीस-तीस ठिपके होते. या तीन ताटल्यांवर मात्र दुधावर धरावी तशी सलग साय आली होती.

या तीन ताटल्यांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. परवा सगळे चहाला गेले असताना तिने त्या गुपचूप भरल्या होत्या, आणि त्यात टाकलेलं पाणी तिच्या घरच्या निळ्या पिंपातलं होतं.

बोईसरच्या या लॅबमध्ये कारखान्यांची रसायनं तपासायला यायची. तपासणी ऐकायला सोपी. जिवाणूंची एक अशी जात घ्यायची, जिला जगायला लागणारा एक घटक स्वतःचा स्वतः बनवता येत नाही, कारण तिच्या जनुकातच खोट आहे. तो घटक न देता तिला उपाशी ठेवायचं आणि वर रसायन टाकायचं. रसायन जनुकांत ढवळाढवळ करणारं असेल, तर त्या गोंधळात काहींची खोट चुकून दुरुस्त होते, ते जगतात आणि ठिपके होऊन दिसतात. ठिपके जितके जास्त, तितका संशय दाट. जिवाणूचं जनुक बिघडवणारी वस्तू माणसाला कॅन्सरही देऊ शकते, म्हणून हा सारा खटाटोप.

आणि इथे तर ठिपके मोजताच येत नव्हते. 

पिंप तिनेच आणलं होतं. तिच्या दांडी गावात पेढे काय, कुणीही वाटतं. पण तिच्या आळीत कुणाला कंपनीत नोकरी लागली की घरोघर पिंप द्यायचं, हा तिथला खरा मान. कंपन्यांची रिकामी पिंपं भंगारवाल्याकडे मिळतात आणि कंपनीतल्या माणसाला त्यातली चांगली ओळखता येतात, असा आळीचा गाढ विश्वास. तीन वर्षांपूर्वी काचसामान धुवायला लागलेल्या हेमांगीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी टेम्पोत पुढे बसून तिने आळीतल्या पाच घरांसाठी एकाच ढिगातली पाच पिंपं मिरवत नेली होती. एकाच्या पोटावर अर्धवट खरवडलेलं लेबल होतं, त्यावर लाल चौकटीतलं एक चिन्ह. कॅन्सर देऊ शकणारं रसायन, हा त्याचा अर्थ तिला कळला तो गेल्या महिन्यात, मोजणीच्या कामावर घेतल्यावर. तेव्हापासून तिला नीट जेवण जात नव्हतं.

"या कुठल्या?"

चारुता मॅडम मागे उभ्या होत्या. विभागाच्या प्रमुख, मूळच्या केळव्याच्या, बोलायला गोड आणि नजरेने तिखट. हेमांगीने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या, पण त्या नोंद न करता ताटल्या भरल्याबद्दल. मग त्यांनी एक ताटली उचलून उजेडात तिरकी धरली.

"या पिंपात काय ठेवता तुम्ही?"

"मासळी खारवतो."

"मग ही तपासणी बाद." त्यांनी ताटली खाली ठेवली. "अगं, यांना उपाशी ठेवायचं असतं ना? जो घटक यांना मिळू द्यायचा नसतो, तो मासळीत भरपूर असतो. तू त्यांना जेवायला वाढलंस. सगळेच जगले."

हेमांगीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. महिनाभर ती हेच शिकत होती. पण जन्मापासून त्या वासात वाढलेल्या पोरीला मासळीचं पाणी हे नुसतं पाणीच वाटलं होतं.

"म्हणजे पिंप चांगलं आहे, मॅडम?"

"म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही. मासळी कधीच न लागलेलं पिंप आहे का तुमच्याकडे? त्यातलं पाणी आण. रीतसर नोंद करून लावू."

त्यांनी कपाटातून एक निर्जंतुक बाटली काढून दिली. मासळी न लागलेलं पिंप पाचांत एकच होतं, शेजारच्या साखरबाईंचं. त्यात प्यायचं पाणी भरत. आणि साखरबाईंची लेक बायडी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती.

हेमांगी घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. तिची आई मंजुळा अंगणात काठ्यांवरचे बोंबील उलटत होती.

"साकरचं पानी कशाला तुला?" हेमांगीने बाटली दाखवून साखरबाईंकडे निघाल्याचं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं.

हेमांगीने आईला समजेल असं सगळं सांगितलं. मंजुळा बोंबील उलटत ऐकत राहिली.

"आपलं पिंप चांगलं हाय," शेवटी ती म्हणाली. "मी बगितलंय."

"काय बघितलंस?"

"तू आनलंस त्याच दिशी धुतलं. वास गेला, पन मना धीर नाय. खाडीतनं निवटे आनले नि सोडले आत. निवटा मासा चिखलात जगतो, बिनपान्याचा जगतो, तो सादासुदा मरत नाय. सकाळी बगते तर समदे उताने. मग परत धुतलं. चिंच लावून, राख लावून. पंदरा दिवस. निवटे जगले तवाच मासळी घातली."

हेमांगी आईकडे बघतच राहिली. लॅबमध्ये ती जे शिकत होती, ते आईने अंगणात कधीच करून ठेवलं होतं. तिला आईचा केवढा तरी अभिमान वाटला. मग तो एकदम विरला.

"बाकीच्या चार घरांना सांगितलंस?"

मंजुळा पुढच्या काठीकडे वळली.

"आये, सांगितलंस का?"

"तवा समदी तुजं नाव काडत व्हती. आळीतली पयली पोरगी कंपनीत लागली. त्यांना काय सांगू, माज्या पोरीनं जहर आनलं म्हनून? त्यांनी पन धुतलं आसेल की."

"किती दिवस?"

मंजुळाचा हात काठीवरच थांबला.

"निवटा मरतो ते दिसतं तरी," हेमांगी म्हणाली. "हे दिसत नाही. पिणारा धडधाकट राहतो. पुढे दहा-वीस वर्षांनी कळतं, नाहीतर पोटच्या पोरात उतरतं. निवटे जगले म्हणून आपलंही पिंप संशयातून सुटलं नाही."

मंजुळाने शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. बायडी पायरीवर बसून जवळा निवडत होती. बाजूला पाण्याचा तांब्या होता.

साखरबाई नेहमीसारख्याच खुशीत होत्या.

"ये गो कंपनीवाली! पानी पायजे? तुमच्या सायबांना आमचं पानी गोड लागलं वाटतं!"

"तपासायला नेते, काकी."

"तपासून काय निगनार? तीन वर्सं पितो, कोनाला कायपन झालं नाय. आनि तूच आनलेलं पिंप. तुज्यावर नाय तर कोनावर भरोसा ठेवायचा?"

हेमांगीने बाटली बुडवून भरली, झाकण घट्ट लावलं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा लॅबचा नियम. तिने तो त्या क्षणी घट्ट धरला, कारण तो सोयीचा होता. आपण भित्र्या आहोत हे तिला साफ कळत होतं. साखरबाईंनी पिंपातून पेला भरून तिच्या हातात दिला, मग पायरीवरचा तांब्या उचलून तोही भरला.

तेवढ्यात मंजुळा आली. हात तसेच, मासळीचे. ती कुणाशी बोलली नाही. पिंपाजवळ गेली, पाय रोवले, खांदा लावला आणि अर्धं भरलेलं पिंप आडवं केलं. पाणी अंगणभर झालं.

"मंजुळे!" साखरबाई ओरडल्या. "येड लागलं काय तुला? दोन दिसांनी नळ आलावता!"

"यात निवटे मेलेवते, साकर." मंजुळाला धाप लागली होती. "म्हंजे माज्या पिंपात. तीन वर्सांपूर्वी. मना म्हायती व्हतं. मी कोनाला बोलली नाय."

साखरबाईंनी मंजुळाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. मग पायरीवर बसलेल्या लेकीकडे.  हातातला तांब्या त्यांनी हळूच खाली ओतला.

"हेमांगी," त्या म्हणाल्या, "मग ही आता परयंत प्याली ते?"

वाळूत पाणी भराभर जिरत होतं. हेमांगीने आपल्या पेल्यातलंही ओतून टाकलं. आता त्या पिंपातलं पाणी उरलं होतं ते फक्त तिच्या हातातल्या बाटलीत.

"तपासणीचं सोमवारी कळेल, काकी," ती म्हणाली. "जे निघेल ते सांगते."

मंजुळा तोवर पदर खोचून पलीकडच्या घराकडे चालू लागली होती.