खाचांतला पांढरा कीस

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. घरात चहाचा कप उचलून सिंकमध्ये ठेवायचा म्हटलं तरी त्याला लगेच कंबरदुखी आठवते. पण मी गोल्फ खेळून आले की हाच माणूस गॅलरीत कोमट पाण्याची बादली घेऊन बसायचा आणि माझी वेज धुऊन द्यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, असा नवरा नशिबानं मिळतो. मीही मान डोलवायची.

वेज म्हणजे मागे झुकलेल्या पात्याची आखूड स्टिक. झेंड्याच्या जवळ आलं की बॉल अलगद उचलून टाकायला ती लागते. तिच्या पात्यावर आडव्या बारीक खाचा असतात. त्या खाचा बॉलला पकडतात, गिरकी देतात, म्हणून तो पडल्यावर फार पळत नाही. माती आणि गवत बसलं की पकड जाते, आणि वापरून वापरून खाचांच्या कडाही झिजतात. नियम अगदी सरळ आहे. साफ हवं तेवढं करा, पण कडांना धार लावायची नाही, खाच ठरलेल्या मापापेक्षा खोल किंवा रुंद करायची नाही. झिजली तर तशीच खेळा, नाहीतर नवी आणा.

हे सगळं मला त्यानंच शिकवलं. मऊ ब्रश, बॉल टेकवायची लाकडाची टोकदार खुंटी म्हणजे टी, आणि दवाखान्यातून बाद झालेली, दातांवरचं किटण काढायची आकडी, एवढंच त्याचं सामान. "आकडी मातीला लागली पाहिजे, धातूला नाही," असं तो नाकानं कांदे सोलत सांगायचा. मी नवी वेज घ्यायचं काढलं की म्हणायचा, "कशाला? मी आहे ना."

मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. चेन बदलणे, बाह्या आखूड करणे, लोकांची वाढलेली पोटं जुन्या पँटीत बसवणे. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी मी सरावाच्या मैदानावर असायची. मागच्या वर्षी क्लबच्या महिलांच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडले, तेव्हा घरी येऊन नळ सोडून बाथरूममध्ये रडले होते. गोल्फपायी कुणी रडतं का, असं तुम्ही म्हणाल. मी रडते. आयुष्यात एखादी गोष्ट आपल्याला खरंच, चारचौघांत दिसेल अशी यावी, असं मला फार वाटतं. ही एकच गोष्ट मी स्वतःसाठी निवडली होती.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. माझा बॉल थांबायला लागला. नुसता थांबायचाच नाही, तर कधीकधी टप्पा घेऊन झेंड्याकडे मागे यायचा. आमचे कोच सर सहसा कौतुकाला महाग, पण तेही एकदा म्हणाले, "बाई, हात बसला तुमचा." त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येऊन मी बेडरूमच्या आरशासमोर स्टिक न घेताच तो फटका नवऱ्याला करून दाखवला. तो पलंगावर बसून नुसता हसला. मला वाटलं, अभिमानानं हसतोय.

शनिवारी सेमीफायनल होती. समोर औषधाच्या दुकानाची मालकीण, तीन वेळची विजेती. शेवटच्या होलला माझा बॉल झेंड्याच्या पलीकडे पडला आणि पाळलेल्या कुत्र्यासारखा मागे आला. मी जिंकले. तिनं हात मिळवला आणि म्हणाली, "काय खायला घालता हो तुमच्या बॉलला?" मी म्हटलं, "रोज सकाळचा घाम." स्वतःच्याच उत्तरावर मी घरी पोचेपर्यंत खूश होते.

दुपारी नवऱ्याला दवाखान्यातून फोन आला, कुणाची तरी कॅप निघाली होती. जाताना तो म्हणाला, "वेजला हात लावू नकोस, आल्यावर मी करतो." दुसऱ्या दिवशी फायनल. माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता. म्हटलं, बिचारा दमून येईल, आपणच धुवून टाकू.

टीच्या टोकानं पहिलीच खाच खरवडली आणि टोकावर पांढरा कीस आला. माती नाही, गवत नाही. मऊ, चिवट, दोऱ्यासारखा. दुसऱ्या खाचेतही तोच. मी बॅगेतून सामन्याचा बॉल काढला. त्याच्या सालीवर ओरखडे होते, एका जागी साल उसवल्यासारखी निघाली होती.

आता मी कापडात आयुष्य घालवलेली बाई. बोथट कात्री कापड चावते, कापत नाही, हे मला कुणी सांगायला नको. इतकी जुनी, झिजलेली वेज बॉलची साल कशी सोलेल? मी अंगठ्याचं नख एका खाचेवरून आडवं ओढलं. नखाचा पापुद्रा निघाला. मग त्याची कपाळावर लावायची भिंगं लावून पाहिलं. सगळं पातं जुनं, मळकट. फक्त खाचांच्या कडा नव्या सुईसारख्या चकाकत होत्या.

मी गॅलरीतच खाली बसले. त्याला स्वच्छतेचं एवढं प्रेम का होतं, ते तेव्हा कळलं. तो माती धूतच नव्हता, हा कीस धूत होता.

तो आला तेव्हा मी वेज मांडीवर घेऊन तशीच बसले होते. त्यानं माझ्या कपाळावरची भिंगं पाहिली आणि चपला न काढताच उभा राहिला.

"कशानं केलंस?" मी विचारलं.

"ड्रिलच्या बारीक टोकानं. अगदी हलक्या हातानं गं."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी तू हरून आलीस ना, त्यानंतर." तो समोरच्या स्टुलावर बसला. "नळ सोडून रडत होतीस. मला काय ऐकू येत नाही? मला बघवलं नाही."

"नवी घेऊ दिली असतीस तर?"

"नव्यानं एवढा फरक पडला नसता."

"का?"

तो वाकून चपला काढायला लागला.

"का नसता पडला? बोल ना. नव्या वेजनं लोकांचे बॉल थांबतात की."

"अगं, प्रत्येकाला सगळंच येतं असं नसतं," तो शेवटी हळूच म्हणाला. "पण तू खूश होतीस. वर्षभर किती खूश होतीस!"

त्यानं नियम मोडला, त्याचा राग होताच. पण या वाक्यानं त्यानं केसानं गळा कापला. मी आरशासमोर फटका करून दाखवत होते तेव्हा हा पलंगावर बसून मनात म्हणत होता, हिला नाही येणार. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसानं मला लहान मुलीला खोटंखोटं जिंकवतात तसं जिंकवलं होतं, आणि तेही माझ्याच हातानं, सगळ्या गावासमोर. मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. या वेळी नळ सोडला नाही.

सकाळी मी क्लबच्या सेक्रेटरींच्या टेबलावर वेज ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ते भले गृहस्थ. चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? निकाल तर जाहीर झालाय. समितीला विचारावं लागेल. तोवर सरांकडची दुसरी वेज घ्या आणि फायनल खेळा."

"नको. कालचा सामना माझा नाही. त्यांनाच खेळू द्या."

"पण हे केलं कुणी?"

"घरात झालं," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

बातमी माझ्या आधी बाहेर पोचली होती. औषधवाली बाई नुसतंच "अच्छा" म्हणाली. त्या "अच्छा"त माझ्या वर्षभराच्या सगळ्या सकाळी गेल्या. कोच सर बुटाची नाडी बांधत राहिले. मी त्यांच्याकडे वेज मागितली, नियमातली, क्लबनं तपासलेली. त्यांनी मान वर न करता दिली.

सगळे फायनल बघायला गेले आणि सरावाचं मैदान रिकामं झालं. मी बॉल ठेवला. पहिला लांब गेला, दुसराही. मला वाटलं, झालं, नवऱ्याचंच खरं. तिसरा झेंड्याशेजारी पडला, एक उडी घेतली आणि थांबला. मागे आला नाही, पण थांबला. चौथा थांबला. सरावाच्या बॉलची बादली रिकामी होईस्तोवर मी मारत राहिले, आणि बरेचसे थांबत राहिले. सरांचं खरं होतं. हात बसला होता. मला येत होतं, आणि बघायला मैदानात चिटपाखरू नव्हतं. बघितलं असतं तरी आता कुणाला पटलं असतं?

मी ढसाढसा रडले. मग एकेक बॉल पुसून बघितला. सगळे गुळगुळीत.

घरी आले तर तो गॅलरीत बसला होता. बादलीत कोमट पाणी, शेजारी मऊ ब्रश आणि टी. आकडी नव्हती. त्यानं माझ्या हातातली अनोळखी वेज पाहिली.

"सरांची?" त्यानं विचारलं. "मारून बघितलीस? थांबला का बॉल?"

लग्न झाल्यापासून कुठलीही चांगली गोष्ट घडली की मी पहिली त्याला सांगत आले. जिना चढतानाच सांगायला सुरुवात करायची. आताही ती गोष्ट पार ओठांवर आली होती.

"नाही," मी म्हटलं. बादली त्याच्यापुढून ओढून घेतली आणि वेज मीच धुवायला बसले.